'कॅन्सरला शेक' देणारी कॉइल

मी एक जुनी तांब्याची कॉइल आहे, मित्रांनो. लातूरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतल्या कपाटावर पडून असते. कुणी मान वर करून पाहिलं की मला लाज वाटते.

पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या ताहेरभाईंनी नळी वाकवून मला घडवलं. इथे संशोधन करणाऱ्या मालविकाताई माझ्या पोटात परीक्षानळी ठेवायच्या. तिच्यात पाणी आणि डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय कण असत. माझ्यातून भराभर दिशा बदलणारी वीज सोडली, की ते कण तापत. असे कण गाठीत सोडून बाहेरून तापवले, तर कॅन्सरच्या पेशी मरतील, अशी ताईंची आशा. "पण अजून सगळं परीक्षानळीतच आहे हं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायच्या.

मग गावात गल्लोगल्ली शिकवणीचे क्लास निघाले, त्यांना पालकांपुढे मांडायला काहीतरी नवलाचं हवं होतं, आणि माझा भाव वधारला. एका क्लासने मला प्रदर्शनात नेलं. वर फलक लावला, 'कॅन्सरला शेक!' मी मेली हुरळून गेले. त्याच क्लासात शिकणाऱ्या नातीला डबा द्यायला आलेल्या किल्लारीच्या नीलम्मा माझ्यापुढे थबकल्या.

"सर, शेकल्यानं गाठ जाती व्हय?"

"हाव मावशी, जळून जाती," क्लासचे राघवेंद्र सर घाईघाईत म्हणाले आणि पुढच्या पालकांकडे वळले.

आपल्याकडे शेक म्हणजे चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट. नीलम्मांच्या छातीत गाठ होती. कुणाला न सांगता त्या घरी शेकत राहिल्या.

पावसाळा सरल्यावर नातीला ते कळलं आणि ती त्यांना ताईंना दाखवायला प्रयोगशाळेत घेऊन आली. कातडी भाजली होती, गाठ वाढली होती. नीलम्मांनी मला हात जोडले.

"तुझा दोष न्हाई, माय. माझंच शेकणं कमी पडलं."

मालविकाताईंनी डोळे पुसले आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परतल्यावर त्या नातीला जवळ घेऊन म्हणाल्या, "पसरलंय गं. तेव्हाच आणलं असतं तर..."

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी प्रदर्शनात मिरवताना दिसली, तर खुशाल टाळ्या वाजवा. पण आधी विचारा, "हे माणसावर करून पाहिलंय का?" आणि अंगावर कुठे गाठ हाताला लागली, तर लपवू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. नीलम्मांनी तर विचारलंही होतं हो. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. ज्यांना होतं, त्यांना वेळ नव्हता.