सखुबाईचा लपवलेला ताप

तळ्याजवळच्या त्या गावात हिरामणच्या शब्दाला मान होता. दुसऱ्या लाटेत अंबाजीच्या घरात कोरोना निघाला, तेव्हा त्या घराशी महिनाभर कुणी बोलायचं नाही, त्यांना विहिरीवर येऊ द्यायचं नाही, असं गावकीत त्यानंच ठरवून घेतलं होतं.

पंधरा दिवसांनी पेज वाढता वाढता त्याची बायको सखुबाई भिंतीला टेकून खाली बसली. अंग तापलं होतं.

"बाबा, आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बोलावते. चाचणी करून घेऊ," सून मृणाली म्हणाली.

"न्हाय! उद्या आपल्याबी दारात कुणी उभं ऱ्हायचं न्हाय. साधा ताप हाय."

नात्यातला एकजण याच आजारातून उठला होता. त्याच्या उरलेल्या गोळ्या हिरामणनं मागून आणल्या. दोन दिवसांत ताप उतरला, सखुबाईनं भात मागून खाल्ला. हिरामणला हायसं वाटलं. गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत, त्यांनी मधुमेह असलेल्या बायकोची साखर भडकेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी तिची तहान भागेना. ती असंबद्ध बोलू लागली, धाप लागली.

"तिन्हीसांजेपर्यंत थांब," हिरामण सुनेला म्हणाला. "आता गाडी आली तर सगळं गाव बघंल."

दुपारपर्यंत मृणालीनं सासऱ्याचं ऐकलं. मग रुग्णवाहिकेला फोन लावला.

अलिबागच्या रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "कोरोना आहेच, शिवाय साखर सहाशेच्या वर आहे. या गोळ्या कुणी दिल्या?"

"म्या."

"आणि इतके दिवस का थांबलात?"

तिसऱ्या दिवशी सखुबाई गेली.

हिरामण आणि मृणाली बापलेकीसारखे घरात विलगीकरणात राहिले. ते संपलं, तशी देवळात गावकी बसली. धर्माजीच्या घरी ताप असल्याची कुणकुण लागली होती. सगळे हिरामणकडे पाहू लागले.

तो उभा राहिला. "अंबाजीचं हाल म्याच केलं. तसंच आपलं हुईल म्हणून भ्यालो, आन् सखूला भलत्या गोळ्या चारल्या. आता कुणाला वाळीत टाकायला मी हो म्हणनार न्हाय."

"मग तुमालाबी टाकावं लागंल, हिरामणदा," गावकीतला एकजण म्हणाला.

"टाका."

तो एकटाच उठला, वाटेत मृणालीला गाडी बोलवायला सांगितलं आणि धर्माजीच्या अंगणात गेला. "धर्माजी, मृणालीनं गाडी बोलावलीय. काय गोळ्या दिल्या असतील ते डॉक्टरला खरं सांग. मी कुणाला काय बोलनार न्हाय."

आत कुणीतरी खोकलं. दार उघडलं नाही. अंबाजीचं पाणी तोडणाऱ्यावर धर्माजीनं विश्वास ठेवावा तरी कसा?

हिरामण अंगणातच बसून राहिला. गाडी येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा हाका मारत होता.