मधमाश्यांच्या घरातला संगणक

मित्रांनो, माझा पंखा सुरू झाला की आधी खरखर ऐकू येते आणि मग खोलीत मेणाचा वास पसरतो. पंख्याच्या एका पात्याशी मेलेली मधमाशी बरीच वर्षं अडकून आहे. मला तिचा काही त्रास नाही. मी एक जुना, टेबलावर मांडायचा, पाठीमागे वायरींचा गुंता असलेला संगणक आहे. येलोवेत्स गावाच्या वरच्या अंगाला, फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या रानाला लागून गाश्पेरकाकांचं मधमाश्यांचं लाकडी घर आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. फळीपलीकडे माश्या आणि अलीकडे मी, असा आमचा शेजार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझ्यावर राग काढू नका. संगणक म्हणजे दोघं असतात. एक मी, म्हणजे पत्रा आणि तारा. दुसरी म्हणजे माझ्यात राहायला येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. मी घर, ती भाडेकरू. खोड्या तिच्या असतात आणि शिव्या मी खातो.

कारखान्यातून मी थेट शहरातल्या एका हिशेबनिसाच्या कचेरीत गेलो. तेव्हा माझी भाडेकरू गुणी होती. बोलावलं की यायची, सांगितलेलं करायची. मग कुठून कोण जाणे, तिला वारा लागला. अपडेटच्या नावाखाली ती घरातलं सगळं सामान इकडचं तिकडे करायची आणि सकाळी विचारायची, ‘नवं रूप आवडलं का?’ उत्तरं दोनच ठेवलेली असायची, ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’ हा शब्द तिच्या घराण्यातच नव्हता. कचेरीतली माणसं कपाळाला हात लावायची, दोन शिव्या हासडायची आणि शोधाशोध करून कामाला लागायची. ती माणसं तरुण होती, त्यांचं निभावलं.

पुढे कचेरीत नवे संगणक आले. मला मधपाळांच्या मंडळाला देऊन टाकलं आणि मंडळाने मला गाश्पेरकाकांकडे पाठवलं.

काकांचं काम ऐकायला साधं होतं. त्यांच्या अंगणात एक मधपेटी वजनकाट्यावर ठेवलेली होती. रोज संध्याकाळी तिचं वजन बघायचं. एरवी काटा जेमतेम हलतो. पण उन्हाळ्यात कधीतरी फरच्या फांद्यांवरचे बारीक किडे गोड रस गाळू लागतात. रान पाझरायला लागलं, असं इथली माणसं म्हणतात. माश्या तो रस गोळा करतात आणि काटा एकदम उसळी घेतो. ही बातमी खाली सपाटीवरच्या मधपाळांना कळली की ते पेट्या ट्रकवर चढवून तडक वर येतात. हा पाझर फार दिवस टिकत नाही. एक जोराचा पाऊस आला की सगळं धुऊन जातं. म्हणून काकांच्या शब्दाची सगळं खोरं वाट बघायचं. पूर्वी ते फोनवर कळवायचे. मग मंडळाने ठरवलं, यापुढे कॉम्प्युटरवरून कळवायचं.

मी आलो त्या दिवशी व्हिंको हजर होता. हा सपाटीवरचा मधपाळ, काकांचा जुना मित्र. दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागतं.

“गाश्पेर, हा टीव्ही नाही बरं का! याच्यावर बर्फावरच्या स्कीच्या उड्या दिसत नाहीत.”

“तू समोर असताना टीव्ही कशाला हवा? नुसतं बघत बसलं तरी करमणूक होते,” काका म्हणाले.

काका माझ्याशी मन लावून शिकले. माझ्या पडद्यावरची चित्रं त्यांना एकसारखी वाटत. सगळी निळी, सगळी गुळगुळीत. मग त्यांनी मधपाळाला सुचावा तसा उपाय केला. आमच्याकडे पेट्यांच्या दर्शनी फळ्या वेगवेगळ्या रंगवतात. कुठे संत, कुठे कोल्हा, कुठे शिकारी. माशीला आपलं दार ओळखता यावं म्हणून हे करायचं. काकांनी कागदाचे लहान तुकडे रंगवले आणि माझ्या काचेवर, त्या त्या चित्रावर चिकटवले. वजन कळवायचं तिथे अस्वल. माउस सरकवायचा, बाण अस्वलाखाली दिसेनासा झाला की बटण दाबायचं, आकडा लिहायचा, झालं. मी मनातल्या मनात खूप हसलो, पण युक्ती चालली. मंडळाच्या जेवणात अध्यक्षांनी काकांचं नाव घेऊन सांगितलं, की सगळ्यांत चोख निरोप येलोवेत्सहून येतात. काका घरी आले आणि माझ्यावरची धूळ आपल्या टोपीने पुसली.

पुढच्या जूनमध्ये माझ्या भाडेकरणीने पुन्हा सामान हलवलं. काचेवरचं अस्वल जागच्या जागी राहिलं, पण त्याच्याखाली आता हवामानाचं पान आलं. काका रोज संध्याकाळी नेमाने अस्वल दाबत आणि समोरच्या चौकटीत वजन लिहीत. ती चौकट काहीतरी शोधण्यासाठी होती, निरोपासाठी नव्हती. काकांनी किलो लिहिले की भाडेकरीण त्यांना बटाट्यांच्या जाहिराती दाखवायची. जाहिराती तर तिथे नेहमीच असत, म्हणून काकांना काही वावगं वाटलं नाही. काटा चढत होता, रान पाझरत होतं आणि बातमी माझ्या पोटातच विरत होती. मला सगळं दिसत होतं. पण मला तोंड असतं तर ना!

मग पाऊस आला. पावसामागून व्हिंको आला.

“रान पाझरून वाहून गेलं रे! पलीकडच्या खोऱ्यातल्यांनी डबे भरले आणि आम्ही खाली चकाट्या पिटत बसलो. तू झोपला होतास काय?”

“रोज कळवलंय मी. एक दिवस चुकलो नाही.”

“कुणाला कळवलंस? बिशपला?”

काका माझ्यासमोर बसले आणि त्यांनी करून दाखवलं. व्हिंकोने चष्मा लावून वाचलं. “अरे, हे हवामानाचं पान आहे. तू आकडे इथे लिहितोयस?” मग त्याने काकांचा चेहरा पाहिला आणि त्याचा आवाज खाली आला. “जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.”

काकांनी काचेवरच्या अस्वलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “पोलोनाचं असंच सुरू झालं होतं. मिठाच्या जागी साखर घालायची आणि मलाच सांगायची, नेहमीच्याच डब्यातून घेतलं.”

पोलोना म्हणजे काकांची बायको. शेवटी शेवटी तिला काकांचं नावसुद्धा आठवत नव्हतं. व्हिंकोने टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला.

काकांनी ठरवून टाकलं. वजनकाटा मंडळाला परत द्यायचा, माश्या व्हिंकोला विकायच्या. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याने माश्यांत हात घालू नये, असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. त्या क्षणी मला माझ्या पत्र्याची लाज वाटली.

शनिवारी उर्शा आली. ती पोलोनाची भाची. राजधानीत एका कंपनीत ती संगणकाच्या पडद्यांची आखणी करते. म्हणजे सामान हलवणाऱ्यांपैकीच एक. काका तिला म्हणाले, “पोरी, जाताना हा कॉम्प्युटर गाडीत टाकून ने.”

तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग नखाने हळूच अस्वल सोडवलं, खाली पाहिलं आणि दचकली. “काका, तुमचा हात बरोबर जागी जात होता. खालचं हललंय.”

“समजूत घालू नकोस. पोलोनालाही आपण असंच म्हणायचो, तुझं काही चुकलं नाही म्हणून.”

पण उर्शाने मला गाडीत टाकलं नाही. सुट्टी काढून ती तिथेच राहिली आणि माझ्या भाडेकरणीला चंबूगबाळ्यासकट बाहेर काढलं. मित्रांनो, इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं! जगभरच्या माणसांनी मिळून बांधलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली एक सिस्टीम असते. ती तिने पाया म्हणून घातली आणि वर स्वतःच्या हाताने नवं घर रचलं. मोठी अक्षरं, शांत रंग, आणि ज्याचा वापर जास्त ते चित्र आपोआप वर येणार. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. खरं सांगतो, मलाही वाटलं.

काका बसले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा चुकले.

“काल अस्वल खाली होतं,” काका म्हणाले.

“हो काका, तुम्ही ते जास्त वापरता ना, म्हणून ते आपणहून वर...”

“मी सांगितलं होतं त्याला?” काका उठले. “बघ, मी म्हटलं नव्हतं? मला आता नाही जमत.” आणि ते अंगणात गेले.

त्या सकाळी त्यांनी मंडळाला परत द्यायला काटा सोडवला होता आणि त्यावरची पेटी हातभर बाजूला ठेवली होती. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. उर्शा त्यांच्यामागे गेली. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं. रानातून परतलेल्या माश्या रिकाम्या जागी घिरट्या घालत होत्या. हातभर अंतरावर त्यांचं घर उभं होतं, पण एकही तिकडे वळत नव्हती.

“या वेड्या झाल्या का हो काका? यांना घर विसरायला झालं?”

“वेड्या कशाला होतील?” काका चिडून म्हणाले. “बिचाऱ्या बरोबर जागीच आल्यात. पेटी मी हलवली, त्याला त्या काय करणार?”

एवढं बोलून काका थबकले. मग काका खाली बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले. पोलोना गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता, असं व्हिंको सांगायचा. थोड्या वेळाने दोघांनी मिळून पेटी उचलली आणि जिथल्या तिथे ठेवली.

त्यानंतर उर्शाने जे केलं त्यासाठी मी तिला मनापासून मानतो. आपण मेहनतीने केलेलं, आपल्याला आवडलेलं काम तिने माझ्यासमोर बसून पुसून टाकलं. मग काकांना शेजारी बसवून नव्याने सुरुवात केली. चित्रं काकांनी रंगवली, ती तिने पडद्याच्या आत घातली. अस्वल ज्या जागी आहे त्या जागी कायम राहणार, जगबुडी झाली तरी. जाहिराती नाहीत. काही बदलायचं असेल तर आधी विचारायचं, आणि त्या प्रश्नाखाली ‘नाही’ हे मोठं बटण. निरोप गेला की तो ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांची नावं एकेक करून समोर येणार. ‘त्रुटी’ हा शब्द काकांनीच काढायला लावला. “ऐकलं की वाटतं, मीच काहीतरी मोडलं,” ते म्हणाले. त्याजागी तिने लिहिलं, ‘निरोप गेला नाही. चूक तुमची नाही. पुन्हा पाठवू का?’

काटा काकांनी परत दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात वजनाने उसळी घेतली. काकांनी अस्वल दाबलं आणि नावं येऊ लागली. पहिलंच नाव व्हिंकोचं होतं. उजाडायच्या आत रस्त्यावर ट्रकची रांग लागली.

“गाश्पेर, लेका, अख्खं खोरं उठवलंस!” व्हिंको खालूनच ओरडला. “माझी बायको म्हणते, त्या अस्वलाला सांगा, जरा चहाच्या वेळेला बोंबलत जा!”

“तिला सांग, अस्वल तुझ्यापेक्षा हळू बोलतं,” काकांनी उत्तर दिलं आणि सगळ्यांना मधाची दारू पाजली.

मग गावोगावचे म्हातारे मधपाळ आपापले जुने संगणक काखोटीला मारून यायला लागले. उर्शा शनिवारी येऊन प्रत्येकाला त्याच्या सवयीप्रमाणे घर बांधून द्यायची. एका आजीबाईंना सगळं उजव्या बाजूला हवं होतं, कारण त्यांचा डावा डोळा गेलेला होता. उर्शाने ते उजवीकडे केलं आणि तिथेच राहू दिलं.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काकांची भीती पुढे खरी झाली. यावेळी कुणी काही हलवलं नव्हतं. त्यांचा चमचा सापडेना, मग शेजाऱ्याचं घर सापडेना. उर्शा राजधानीतली नोकरी सोडून इथे राहायला आली. माश्या आता ती आणि व्हिंको बघतात. वजन मात्र काकाच कळवतात.

परवा संध्याकाळी काका माझ्यासमोर बसले होते. मागून उर्शा आली, तसं त्यांनी वळून पाहिलं.

“तू कोण गं?”

“मी उर्शा.”

“बस हं. मला आधी वजन कळवू दे. माणसं वाट बघतायत.”

काकांचा हात माउसवर आला. मी श्वास घेत असतो तर तो रोखून धरला असता. बाण जराही न अडखळता अस्वलावर गेला. त्यांनी आकडा लिहिला. नावं एकेक करून आली आणि काकांनी ती मोठ्याने वाचली. सगळी ओळखीची निघाली, असं ते उर्शाला म्हणाले. तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

तुमच्यापैकी काही जण मोठे होऊन माझ्यासारख्यांच्या आत घरं बांधतील. जरूर बांधा, सुंदर बांधा. पण बांधलेलं हलवायचं मनात आलं, तर आधी तिथे येऊन बसणाऱ्याला विचारा. आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याचं ऐका.