डाव्या वळणाची गोगलगाय

मी एक म्हातारी गोगलगाय आहे. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. माझे घर माझ्या पाठीवर आणि आम्ही दोघे एका प्लॅस्टिकच्या डब्यात, असा आमचा संसार आहे. हा डबा प्रयोगशाळेच्या एका फळीवर असतो. झाकणाला भोके आहेत आणि बाहेरच्या चिठ्ठीवर माझ्या डोंगराचे नाव आहे.

मित्रांनो, तो डोंगर एका लहानशा बेटावर आहे. आमची पहिली पूर्वज तिथे ओंडक्यावरून आली, की पक्ष्याच्या पायाला चिकटून, कोण जाणे. चालत आली नाही एवढे नक्की! बेटावरच्या प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर ओली झाडे होती आणि दोन डोंगरांच्या मध्ये तापलेली, कोरडी खिंड. ती खिंड तुम्ही एका सकाळीत ओलांडाल. आम्ही अर्ध्या वाटेतच वाळून जाऊ. म्हणून जिथे जन्मायचे तिथेच मरायचे, असे हजारो पिढ्या चालले. होता होता प्रत्येक डोंगराची गोगलगाय वेगळी झाली. कुठली पिवळी, कुठली पट्ट्यापट्ट्यांची. शेजारच्या डोंगरावरची मात्र हुबेहूब आमच्यासारखी होती. फरक एवढाच, की आमचा शंख डावीकडे वळतो आणि तिचा उजवीकडे.

मग बोटीतून मोठ्या गोगलगाई आल्या आणि बागा फस्त करू लागल्या. त्यांचा नायनाट व्हावा म्हणून माणसांनी गोगलगाई खाणारी गोगलगाय आणून सोडली. तिला त्या धिप्पाड पाहुण्यांपेक्षा आम्ही सोप्या वाटलो. प्रयोगशाळेतल्या बाई आम्हाला वाचवायला आल्या, तेव्हा आमच्या डोंगरावरच्या दोघीच त्यांना सापडल्या. मी आणि माझी सोबतीण. शेजारच्या डोंगरावरच्याही दोघीच. आमच्यातली प्रत्येक गोगलगाय आईही असते आणि बापही, पण पिल्लांसाठी दोघी लागतातच. बाईंनी दोन डबे शेजारी शेजारी ठेवले आणि आणखी कोणी उरले आहे का, ते शोधायला त्या पुन्हा बेटावर गेल्या.

आमची देखभाल मामांकडे आली. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. फार मायाळू माणूस. दर सोमवारी ते एकेक डबा धुवायचे. एका सोमवारी त्यांची लेक बाळंत होणार होती आणि त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. वेळ वाचावा म्हणून त्यांनी आम्हा चौघींना एकाच ताटलीत ठेवले, दोन्ही डबे धुतले आणि मोजून परत ठेवले. दोन इकडे, दोन तिकडे. माझ्या डब्यात शेजारीण आली. सोबतीण पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मामा हसत आले आणि नात झाल्याचे त्यांनी आम्हालाही सांगितले. मला ओरडता आले असते तर!

उलट्या आट्यांचे झाकण बरणीवर बसत नाही, तशी डाव्या-उजव्या वळणांची आमची जोडी जमेना. दहा महिने दोन्ही डब्यांत एकही पिल्लू झाले नाही. बाई परतल्या त्या पिशवीभर रिकामे शंख घेऊन. सगळे डाव्या वळणाचे. त्याच आठवड्यात पलीकडच्या डब्यात माझी सोबतीण मेली. बाईंनी तिचा शंख भिंगाखाली धरला आणि मामांना हाक मारली.

"मामा, ही या डब्यात कशी?"

मामांनी चष्मा पुसला. "मोजून ठेवल्या होत्या हो बाई. दोन आणि दोन."

"मोजल्यात. बघितल्या नाहीत." मग बाईंनी डब्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवले. "मीच सांगायला हवं होतं. चिठ्ठीवर डोंगराचं नाव लिहिलं, वळण लिहिलंच नाही."

शेजारीण तिच्या डब्यात परत गेली. आता तिथे तीन पिल्ले आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू?

हल्ली मामा रोज सकाळी मला ओल्या कुंचल्याने उचलतात, डोळ्यांजवळ धरतात, "डावी" असे म्हणतात आणि हळूच पानावर ठेवतात. ते अगदी बरोबर सांगतात. त्याचा आता उपयोग नाही. माझ्यानंतर हा डबा धुतला जाईल आणि चिठ्ठी काढली जाईल.

मित्रांनो, कुंडीखाली एखादी गोगलगाय दिसली, तर अशा पुष्कळ असतात म्हणून पुढे जाऊ नका. जरा वाका आणि तिचे वळण बघा. आम्हीही पुष्कळ होतो.