अंगठ्याखालचं पाणी

नववीच्या वर्गात गतीचा धडा सुरू झाला, त्याच दिवशी तिचं नाव गेलं. भौतिकशास्त्राच्या सरांनी चाकं लावलेली फळी आणली होती. वर्गातल्या सगळ्यात किरकोळ मुलीला त्यांनी फळीवर बसवलं, धक्का दिला, आणि फळी सुळकन भिंतीपर्यंत गेली. मग त्यांनी हिला बोलावलं. धक्का तेवढाच दिला. फळी दोन वीत सरकली आणि थांबली.

"बल तेवढंच," सर हात झटकत म्हणाले. "वस्तुमान जास्त, म्हणून त्वरण कमी. जडत्व म्हणजे काय हे आता कोणी विसरणार नाही. ही धोंड कायम डोळ्यांसमोर आहे."

तेव्हापासून ती धोंड. घर्षण शिकवायला फरशीवरून पोतं ओढायचं होतं, तर पोत्यावर तीच. दाब शिकवायला चिखलात आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर उभं राहायचं होतं, तर तिथंही तीच. पाय घोट्यापर्यंत रुतला, तेव्हा पोरं पोट धरधरून हसली.

आई एकदा तावातावाने शाळेत गेली. सरांनी खुर्ची दिली, ताई म्हटलं, आणि नाव कसं पडलं ते इतकं रंगवून सांगितलं की आईलाच हसू आवरेना. घरी येताना ती म्हणाली, "माणूस वाईट नाही गं. तूच फार मनाला लावून घेतेस. आणि जरा कमी खात जा."

त्यानंतर तिने घरी काही सांगायचं सोडून दिलं.

वर्ष अर्धं सरलं तेव्हा वर्गात एक नवी मुलगी आली. तोतरी होती. पहिलं अक्षर ओठांवर अडकून बसायचं, मान हलायची, मग शब्द सुटायचा. धोंडेशेजारची जागा कायम रिकामी असायची, तिथं ती येऊन बसली. धोंड म्हणून तिने कधी हाक मारली नाही. खरं नाव घ्यायची, कितीही वेळ लागला तरी. गणितं अडली की वही ओढून घ्यायची आणि न बोलता सोडवून दाखवायची. मधल्या सुट्टीत दोघी जिन्याखाली बसायच्या. तिथं नवी बरीच बोलायची, आणि अडखळायची कमी.

सरांना नवं खेळणं मिळालं होतं. ते मुद्दाम तिलाच उभं करून उत्तर विचारायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. वर्गाचं हसू तिकडे वळलं. धोंडेला पहिल्यांदाच हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पुढे लाज ओसरली, हलकेपण राहिलं.

द्रायूंचा, म्हणजे वाहणाऱ्या पदार्थांचा, धडा आला. सर वर्गाला मागच्या अंगणात घेऊन गेले, नळाला लांब पाइप जोडला आणि त्याचं तोंड धोंडेच्या हातात दिलं.

"समोर कोण उभं राहील?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नवीला बोटाने खुणावलं. ती येऊन उभी राहिली. सरांनी नळ सोडला. पाणी तिच्या पायांपासून बऱ्याच अलीकडे पडत होतं.

"आता तोंडावर अंगठा धर. वाट अरुंद झाली की वेग वाढतो. का वाढतो, ते ही समोरची सांगेल. सांगून झालं की पाणी बंद."

धोंडेने अंगठा ठेवला. पाणी नवीच्या गुडघ्यांवर गेलं, मग छातीवर. नवीने तोंड उघडलं. "प... प..." तिला पुरे म्हणायचं होतं. धोंडेला ते कळलं. जिन्याखाली तिने हा शब्द कितीदा ऐकला होता.

"नळी चोंदली वाटतं," सर म्हणाले.

वर्ग हसला. धोंडेच्या हातातल्या पाण्यामुळे हसला, तिला नाही. धोंडेने अंगठा आणखी दाबला आणि धार वर उचलली. पाणी नवीच्या उघड्या तोंडात गेलं. तिला ठसका लागला, ती खाली बसली. धोंडेने धारही खाली नेली. सरांनी स्वतः नळ बंद केला तेव्हाच ती थांबली.

"छान," सर म्हणाले, आणि वर्षात पहिल्यांदा त्यांनी तिला खऱ्या नावाने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. सर तिथंच उभे होते. "खेळत होतात ना गं तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. तीही हसत होती," धोंड म्हणाली.

नवी पुन्हा शाळेत आली नाही. आठवड्याने तिची आई बाकातली पुस्तकं न्यायला आली. धोंडेने ती नीट रचून हातात दिली.

"तूच का ती?" त्या बाई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "घरी तुझंच सांगायची. आता तर घरातही तोंड उघडत नाही. तू ये ना एकदा. तुझ्याशी बोलेल ती."

"येईन काकू," धोंड म्हणाली.

ती गेली नाही. सरांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं, आणि प्रयोगाला माणूस लागला की कोणाला उठवायचं ते आता तिलाच विचारू लागले. ती वर्गभर नजर फिरवायची, आणि तिला फार वेळ लागायचा नाही.