पाण्याच्या चाकावरची पटाशी

नव्या मालाचं खोकं उघडण्याआधी हत्यारांचा दुकानदार पारखीला निरोप धाडायचा. पारखी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते त्यानेच पाडलं होतं, आणि लेथवर लाकूड फिरवून वाडगी-ताटल्या कातणाऱ्या सगळ्या मंडळींनी ते उचलून धरलं. वाडगं आतून कोरायची गोल पटाशी घ्यायची म्हणजे आधी ती पारखीच्या हातात द्यायची, तिने मान हलवली तरच खिशात हात घालायचा, असा शिरस्ताच पडून गेला होता. बाई फटकळ होती, पण तिने हो म्हटलेली पटाशी कधी कुणाला रडवत नसे.

त्या दिवशी मात्र ती स्वतःच्या कामाने आली होती. तिच्याकडच्या धार लावायच्या, पाण्यात फिरणाऱ्या चाकाची मोटर सकाळीच जळली होती, लेथवर अक्रोडाचं मोठं वाडगं अर्धं कोरून अडकलं होतं, आणि पटाशीला धार नव्हती. दुकानाच्या मागच्या खोलीत कोरडा ग्राइंडर होता. त्यावर पटकन दोन हात मारून परत पळायचं, एवढाच तिचा बेत होता. पण पारखी दुकानात आली आणि कुणी तिला अडवलं नाही, असं कधी झालंय?

एक हौशी गृहस्थ काउंटरवर चकचकीत पटाशी कुरवाळत उभे होते. "हा दांडा बघा ना, काय गुळगुळीत आहे!"

"दांडा आवडला असेल तर दांडाच न्या," पारखी म्हणाली. "लाटणं म्हणून कामाला येईल."

दुकानदाराने हसू दाबलं. माल त्याचाच होता, पण पारखीच्या बोलण्याचं त्याला कधी वाईट वाटत नसे. तिने दहा वस्तू मोडीत काढल्या तरी अकरावी ती हमखास खपवून द्यायची.

तिने पटाशी उजेडात धरली आणि पात्याच्या पन्हळीतून नख फिरवलं. "इथे हात लावा. खरखर लागते? धार म्हणजे दुसरं काय हो, ही आतली पन्हळ आणि हा बाहेरचा उतार जिथे भेटतात ती रेघ. पन्हळच अशी ओरबाडलेली असेल तर बाहेरून जन्मभर घासा, धार दातेरीच होणार." मग दोघांना मागच्या खोलीत नेऊन तिने ती ग्राइंडरला टेकवली. चाकावरून पांढऱ्या ठिणग्या उडाल्या आणि हवेतच तडतडत फुटल्या. "हे साधं पोलाद. तापलं की पाणी उतरलं त्याचं, कडकपणा गेला. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या तांबड्या असतात, थोड्या असतात, आणि आळशासारख्या खाली पडतात. स्वस्तात मिळाली म्हणून ही घ्याल, आणि एका वाडग्याला चारदा चाकाकडे धावाल. पटाशीची किंमत काउंटरवर कळत नसते. दोन धारांच्या मध्ये किती काम होतं, त्यावर ती ठरते."

गृहस्थांनी ती पटाशी तिच्या हातून घेतली आणि नाइलाजाने बाजूला ठेवली.

"आता माझं," असं म्हणत तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेली आपली पटाशी काढली. दुकानदार आदबीने थोडा मागे सरकला. ती पटाशी कुणाची, हे त्याला माहीत होतं. ती बाबांची होती.

बाबा म्हणजे तिचे वडील, गावातले जुने कातारी. पारखी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. लग्न केलं नाही, दुसरी नोकरी धरली नाही, बाबांच्या कारखान्यातच केस पांढरे व्हायला लागले. तिचा दादा कापडाच्या गिरणीत हिशेब बघायचा. गिरणी बंद पडली तेव्हा तो घरी आला आणि म्हणाला, मीही लेथ धरतो. तोवर बाबांना फार वेळ लेथवर उभं राहवेना झालं होतं. त्यांनी दोघांना समोर बसवलं, आत्यालाही बोलावलं आणि वाटणी सांगितली. कारखाना आणि लेथ दादाला. पटाशी तुला.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं खुळे, तो जागा घेऊन बसला आणि तू लोखंडाचा तुकडा?" पारखीला तिची कीवच आली. भिंती काय, कुठेही भाड्याने मिळतात. लेथही मिळतो. पण ती पटाशी बाबांनी ऐन तरुणपणी घेतली होती, आणि ज्या कंपनीने ती घडवली होती ती बंद पडूनही जमाना झाला होता. घासून घासून पातं आखूड झालेलं, तरी एकदा धार दिली की सबंध वाडगं उतरायचं. तिच्या लांब दांड्यावर बाबांच्या अंगठ्याने खळगा पाडला होता आणि त्याच खळग्यात पारखीचा अंगठा वर्षानुवर्षं बसत आला होता. बाबांनी ती पटाशी तिला दिली, याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता: विद्या कुणाकडे गेली, ते बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तिने हसत हसत हो म्हटलं आणि गावाबाहेर एक शेड भाड्याने घेतली.

देताना बाबांनी फक्त एक अट घातली होती. "हिला कोरड्या चाकावर लावायची नाही. म्हातारी झाली आता. पाण्याच्या चाकावरच धार दे." पारखीने तो शब्द कधी खाली पडू दिला नाही. हल्ली धार लवकर जायची, अक्रोडाच्या रेषा कडेला उचकटायच्या. तिने लाकडाला दोष दिला, शेडमधल्या दमटपणाला दिला, शेवटी स्वतःच्या मनगटालाही दिला. पटाशीवर शंका घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"एकदाच हं, बाबा," ती पुटपुटली आणि तिने पातं कोरड्या चाकाला हलकेच टेकवलं.

ठिणग्या पांढऱ्याशुभ्र उडाल्या आणि तडतडत फुटल्या.

ते हौशी गृहस्थ अजून तिथेच होते. "ही तर त्याच पटाशीसारखी..." ते म्हणाले, आणि दुकानदाराने त्यांना कोपराने ढोसलं. पारखीने पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. धारेची कड बघता बघता तापून निळी पडली. नजर खाली घालून तिने पटाशी कापडात गुंडाळली, आणि दुकानदार "पारखीबाई, पाणी तरी घ्या" म्हणेपर्यंत ती रस्त्यावर आली होती.

वाटभर ती दादाला शिव्या घालत होती. त्याचंच काम हे. दांडा तोच ठेवून आतलं पातं बदललं, माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, केसाने गळा कापला माझा! खरं तर तिच्यातली पारखी तिला एक गोष्ट सांगत होती. हे पातं जुन्याच्या बरोबरीने आखूड कापलेलं आहे, पन्हळ आरशासारखी घासलेली आहे, दांड्याच्या तोंडाचं पितळेचं कडं पुन्हा असं बसवलंय की सांधा दिसत नाही. एवढं सफाईचं काम दादाच्या हातून सात जन्मांत व्हायचं नाही. पण ते तिला ऐकायचं नव्हतं.

कारखान्याच्या दाराशीच तिची पावलं थांबली. आत लेथ चालू होता, आणि ओल्या लाकडातून पातं सरकताना जो लांब, मऊ सू-सू आवाज येतो तो येत होता. तो आवाज तिने लहानपणापासून ऐकला होता. दादाच्या हातात कोऱ्या दांड्याची पटाशी होती. पातं आखूड होतं. खिडकीपाशी बाबा एका वाडग्याला तेल चोळत बसले होते.

"दादा, ही कुठून आणलीस?"

दादाने लेथ थांबवला. "कुठून म्हणजे? बाबांनी दिली. तूच दे म्हणालीस ना?"

"मी?"

"बाबा म्हणाले, तुझ्याशी बोलणं झालंय. तू म्हणालीस, दादा नवखा आहे, पोलाद त्याला असू दे, मला बाबांचा नुसता दांडा पुरे." दादाचा आवाज खाली आला. "मला त्या दिवशी भरून आलं होतं गं. तुला कसं सांगावं तेच कळेना, म्हणून गप्प राहिलो."

पारखीला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं तेलाचं फडकं वाडग्यात गोल गोल फिरतच होतं.

"बाबा?"

"ओरडू नकोस. बस आधी."

"मी अजून ओरडलेच नाही."

बाबांनी फडकं ठेवलं. "त्याचा हात बसलेला नाही, पोरी. साधी पटाशी दिली तर रोज एक वाडगं फोडेल. त्याला दोन मुलं आहेत. तुझं काय, तुझ्या हातात खिळा दिला तरी तू वाडगं कातशील. मला तुझी काळजीच नव्हती."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू कारखान्यात वाटा मागितला असतास."

दादाने चमकून बाबांकडे पाहिलं. हे त्यालाही नवीन होतं.

"आणि ते पाण्याचं चाक?" पारखीने विचारलं.

"कोरड्यावर पाणी उतरलं असतं तिचं. तुझ्या भल्यासाठीच सांगितलं."

"कोरड्यावर ठिणग्या दिसल्या असत्या, पाण्यावर उडत नाहीत, म्हणून सांगितलंत."

बाबांनी फडकं पुन्हा उचललं. मग जरा चिडूनच म्हणाले, "एवढी पारखी म्हणवतेस, गावभरच्या पटाश्या तपासतेस. इतके दिवस तुला कळलं नाही, म्हणजे चालतच होतं ना काम?"

"मी ती पारखलीच नव्हती, बाबा. ती तुम्ही दिली होती."

दादानेच पुढे होऊन कोऱ्या दांड्याची पटाशी तिच्यासमोर धरली. त्याचे कान लाल झाले होते. "घे. तुझी आहे. मी दुसरी बघतो, नाहीतर तूच बघून दे."

तिने कापडातली पटाशी काढून बाबांच्या टेबलावर ठेवली, अंगठ्याच्या खळग्यासकट. मग दादाच्या हातातली घेतली. पण पिशवीत टाकली नाही. ती कोपऱ्यातल्या ग्राइंडरकडे गेली. बाबांनी मान वर केली. ती काय करणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनीच तर तिला ते शिकवलं होतं, फळीवर उभी करून, कारण तेव्हा तिचा हात चाकापर्यंत पोचत नव्हता.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तीच आहे ती."

तिने चाक सुरू केलं आणि पातं टेकवलं. ठिणग्या तांबड्या होत्या, थोड्या होत्या, आणि एकेक करून आळसावल्यासारख्या खाली पडल्या. बाबा त्या ठिणग्यांकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"आता तरी पटलं?" त्यांनी विचारलं.

"पोलादाचं पटलं," पारखी म्हणाली आणि तिने चाक बंद केलं.