स्टीलची फ्रेम, प्लास्टिकचं पिस्तूल

मी एक फ्रेम बोलतेय. चष्म्याची नव्हे, भिंतीवरच्या फोटोची तर मुळीच नव्हे. पिस्तुलाची! हातात धरायची मूठ आणि आतले भाग ज्यात बसतात तो सांगाडा म्हणजे मी. हल्ली कंपन्या पिस्तुलाला प्लास्टिकची फ्रेम देतात. मग हौशी मंडळी ती काढून बाजारातून वेगळी घेतलेली धातूची घालतात. मी अस्सल स्टेनलेस स्टीलची, अमेरिकेत घडलेली, आणि वजनदार. थोडा तोरा आहे मला, असू द्या.

दोन हजार तीन साली, सगळ्या रीतसर परवानग्यांनिशी, मी दुबईच्या पलीकडल्या रास अल खैमा शहरात, एका शूटिंग क्लबात येऊन पडले. मला मागवलं दत्तप्रसादने. मूळचा पुण्याचा, इथल्या टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. दर शुक्रवारी क्लबात येऊन निशाणा लावायचा, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. त्याने खोक्यातून मला उचललं, तळहातावर वर-खाली करून वजन घेतलं आणि खूश झाला. भांड्यांच्या दुकानात त्याची बायको शोभना पातेलं अशीच पारखते म्हणे. जड म्हणजे चांगलं! हे यांच्या घराण्यातच असावं.

"हे बघ तय्यब, याला म्हणतात वस्तू! ते प्लास्टिकचं म्हणजे पोरांचं खेळणं."

तय्यब रत्नागिरीचा, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा दुकानदार आणि दत्ताचा शुक्रवारचा जोडीदार. दोघे एकमेकांना हरवायला इतके टपलेले, की बाकीचा क्लब त्यांचं भांडण ऐकायला लवकर यायचा.

"पण दत्ता, बसेल ना ही आपल्या पिस्तुलाला? साल विचारलंस का?"

"मॉडेल तेच आहे रे. तूच तर म्हणालास, इन्शाल्ला बसेल!"

"म्हणालो खरा," तय्यबने मान डोलावली.

बघा हं! एक जण आख्ख्या कारखान्याच्या टाइल्स मापात नाहीत म्हणून परत पाठवणारा. दुसरा गाडीचं साल ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाला साधा फिल्टरसुद्धा न देणारा. आणि माझ्या वेळी दोघांनी सगळा हिशेब इन्शाल्लावर सोडला.

अर्थातच बसलं नाही. दत्ताचं आवडतं पिस्तूल जुन्या सालचं, त्याला आतले भाग अडकवायला दोन पिना. मी नव्या सालची, मला तीन. वरचा भाग कसाबसा सरकला, आतला ठोकळा काही केल्या बसेना. क्लबात हत्यारं सांभाळणारा अजीज म्हणाला, "खलास, साहेब. याचे पार्ट त्याला चालत नाहीत." तय्यबने मला घासून बसवायला कानस मागितली. मला घाम फुटायचा बाकी होता! अजीजने त्याला असं झापलं, की कानस पुन्हा खणात गेली आणि मी वाचले.

"जाऊ दे ना," तय्यब म्हणाला. "जुन्या फ्रेमवरच खेळ. पुढच्या शुक्रवारी कपची मॅच आहे, कशाला डोक्याला ताप?"

"नाही. मला हीच पाहिजे."

हट्टाचं कारण मला त्या दिवशी कळलं. दत्ताने मला मुठीत घट्ट धरलं, आणि त्याचा हात थरथरत होता. बारीक, पण सतत. तुम्हाला दिसलं नसतं. मी त्याच्या मुठीतच होते, माझ्यापासून लपवून काय उपयोग? त्याला जड फ्रेम हवी होती ती स्टीलच्या हौसेपायी नव्हे. वजनाने हात स्थिर राहील, एवढीच बिचाऱ्याची आशा. हात चालेनासा झाला तर त्याचा शुक्रवार गेला. त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. शोभनालाही नाही.

पुढच्या शुक्रवारी तय्यबने एक अजब गोष्ट केली. क्लबातलं नव्या सालचं, तीन पिनांचं पिस्तूल तो वर्षभर वापरत होता. ते त्याने अजीजपुढे ठेवलं. "यातले पार्ट काढ आणि हिच्यात घाल. आज दोघेही यानेच खेळू, आळीपाळीने."

"अरे, तुला हलक्याची सवय आहे. हरशील ना!" दत्ता म्हणाला.

"तुझी वस्तू बघू तर दे, हबीबी."

सगळे भाग खटाखट बसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आठवडाभर मी खोक्यात रिकाम्या पोटी पडून होते.

दत्ता उभा राहिला. मी जीव तोडून जड झाले, जेवढी आहे त्याहून जड व्हायला पाहिलं. पण थरथर माझ्यासकट हलायला लागली. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात. दुसरी कागदालाच चुकवून मातीत. तिसरी त्याने झाडलीच नाही. नळीचं तोंड समोर ठेवून मला रिकामं केलं, हलकेच टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला.

"तय्यब, हात थरथरतो रे माझा. अशा हातात हे नको. कोणाला लागलं तर?"

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"रमजानपासून. आमच्याकडे चहा घेताना कप बशीवर वाजला तुझा. तुझ्या मैमुनावहिनीने तर तुला त्या दिवसापासून बशी देणंच बंद केलंय."

दत्ता हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. तय्यबने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "यल्ला, चल, आधी डॉक्टर. शोभनावहिनींना मी सांगतो, तू नुसता शेजारी बस."

त्याला दोन वर्षं झाली. मी क्लबच्या कपाटात असते, तेल-पाणी वेळच्या वेळी होतं, तक्रार नाही. दत्ता डॉक्टरच्या गोळ्यांवर आहे. पिस्तूल त्याने सोडलं, शुक्रवार मात्र सोडला नाही. मागच्या खुर्चीत बसून ओरडत असतो, "अरे, मूठ घट्ट! श्वास धर! काय माणूस आहे!" पुढे तय्यब मला दोन्ही हातांनी पेलून उभा असतो. आणि हरतो. हल्ली तर काल आलेली पोरंसुद्धा त्याला हरवतात.

मी त्याच्या हाताला भारी पडते. अजीज दर वेळी हलकं पिस्तूल पुढे करतो आणि तय्यब म्हणतो, "नको, दत्ताने निवडलेली आहे."

तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर त्याला जरा समजावा, की बाबा, ही फ्रेम तुझ्यासाठी नाही. नाही तर असं करा, राहू द्या. काही सांगू नका.