वहिनीचा चेहरा

श्रावणातले ऊन भाताच्या बांधीतल्या पाण्यावर पडे आणि तिथून उलटे फिरून, रोवण्याला वाकलेल्या माझ्या वहिनीच्या चेहऱ्यावर थरथरत राही. वरून आणि खालून आलेल्या त्या प्रकाशात तिचा गव्हाळ वर्ण इतका नितळ दिसे, की बांधावर उभी राहून मी कौतुकाने आणि खरे सांगायचे तर थोड्या असूयेने पाहत राही. साकोलीजवळच्या आमच्या गावात भात रोवणाऱ्या बायकांचे गाणे तिच्याच आवाजावर उचलले जाई.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या गालांवर वांगाची पुसट छाया उतरली. मी भंडाऱ्याला नोकरी करणारी शहाणी नणंद. औषधाच्या दुकानातून गोरेपणाची एक ट्यूब आणून मी तिच्या हाती दिली. महिन्याभरात डाग विरले. मला कोण अभिमान वाटला! मग मी ते विसरूनही गेले.

चार वर्षांनी, यंदा, तिला नीट निरखून पाहिले आणि मी दचकले. कपाळ, गाल, वरचा ओठ, सगळीकडे चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा काळिमा आणि मधूनमधून लाल, पातळ झालेली त्वचा. आई उन्हाला दोष देत होती, शेजारणी चुलीच्या धुराला. दुसऱ्याच दिवशी तिला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेले.

वांग बाळंतपणाने येते, उन्हाने वाढते, पाण्यावरून परतणारे ऊनही सोडत नाही, असे सांगून डॉक्टरांनी विचारले, चेहऱ्याला लावता काय? वहिनीने पिशवीतून ट्यूब काढली. तीच. रोज सकाळी शेतावर निघताना ती लावायची. सोडली की आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. संपली की तशीच नवी मागवायची. सोबतच्या बायकांनाही बोटभर द्यायची. आत स्टेरॉइड होते; आधी डाग विरतात, पण वर्षानुवर्षे लावले की तेच त्वचा पातळ आणि काळी करते, असे डॉक्टर म्हणाले. कोणी दिली, असे डॉक्टरांनी चढ्या आवाजात विचारले.

माझ्याकडे बोट दाखवत वहिनीच म्हणाली, "आमच्या बाईनं देल्ली, साहेब. म्हून त मी दुसरी कोणतीच लावली नाई."

त्या स्वरात तक्रारीचा लवलेश नव्हता, होता तो निव्वळ अभिमान. मला तिथेच रडू कोसळले.

डाग थोडेफार फिके होतील, त्वचा पूर्ववत होईलच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले. परतताना एसटीच्या खिडकीशी बसलेल्या वहिनीने हळूच विचारले, "मी पयले कशी दिसत होती वो, बाई?"

काळ तर प्रत्येकाचाच चेहरा हळूहळू नेतो. हिचा मात्र मी नेला, आणि आता तो आठवणारीही मीच उरले आहे.